‘विविधतेत एकता’ लिहून दहापैकी नऊ. पोरांना खरंच कळलंय का हे तपासायचं कसं?

सीमेवरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. बेळगावात एका डिग्री कॉलेजात शिकवतोय, नाव राहू दे. आमच्याकडं बीए-बीकॉमच्या पोरांना एक इलेक्टिव्ह आहे, सांस्कृतिक विविधता आणि जगातले देश एकमेकांवर कसे अवलंबून आहेत असा विषय. नाव लांबलचक, पण पोरं घेतात ती ‘सर सोपा आहे नव्हं?’ म्हणून.

गेल्या सेमिस्टरला ४३ पेपर तपासले. तीसच्या वर पेपरांची सुरुवात ‘भारत हा विविधतेने नटलेला देश आहे’ अशी. कन्नडात लिहिणाऱ्यांनी तेच कन्नडात लिहिलंय, इंग्रजीवाल्यांनी ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’. आणि ‘जग हे एक खेडे बनले आहे’ हे तर झाडून सगळ्यांच्यात. मी मार्क दिले. न देऊन सांगतो कुणाला, आन्सर-की मध्ये तेच मुद्दे होते आणि की मीच काढलेली.

पुढं आठवड्याभरात गॅदरिंगचा बॅनर लागायचा होता. वर मराठी का वर कन्नड यावरनं पार्किंगमध्ये राडा झाला, एकाचा शर्ट फाटला, प्रिन्सिपलना खाली यावं लागलं. राड्यात सगळ्यात पुढं असलेल्या दोघांना माझ्या पेपरात नऊ-नऊ होते. त्यातल्या एकाचं उत्तर तर मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलेलं, बघा काय सुंदर लिहिलंय म्हणून!

आणि खरी गंमत पुढंच आहे. तासाभरानं मी कँटीनला गेलो तर तेच दोघं एकाच बाकावर. मराठी पोरगा चहावाल्याला ‘अण्णा, एरडु चहा कोड्री’ म्हणायलाय, कन्नड पोरगा फोनवर मित्राला अस्सल मराठीत शिव्या घालायलाय, आणि दोघं मिळून हिंदीत रील बघायलेत. म्हणजे यांना येतं काय आणि येत नाही काय, आणि मी ते नऊ मार्क नक्की कशाचे दिले, हेच मला कळेना झालंय.

त्यात आता नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी चाललीय. आयक्यूएसीच्या (कॉलेजातला गुणवत्ता कक्ष) मॅडम मागं लागल्यात की कोर्स आउटकमचं अटेनमेंट, म्हणजे कोर्स संपल्यावर जे यायला पाहिजे ते किती पोरांना आलं, टक्क्यात द्या. आउटकम काय लिहिलंय, तर ‘विद्यार्थी इतर संस्कृतींचा आदर करेल’. आता आदर टक्क्यात कसा काढायचा हो? एक सर्व्हे फॉर्म भरून घेतला, ‘मला इतर संस्कृतींबद्दल आदर वाटतो’, एक ते पाच. सरासरी ४.७ आली. राडेवाले धरून.

कुणी असला विषय शिकवलाय का? काय विचारता, कसं तपासता?

---

वखारभाग_निपाणी

सर, मी निपाणीकडं समाजशास्त्र शिकवून रिटायर झालोय, तुमचं वाचून बायकोला पण वाचून दाखवलं, दोघंही हसलो, कारण ही आन्सर-की मी पण वीसेक वर्षं वापरलीय.

स्पष्ट सांगू का, घोळ तुमच्या की मध्ये आहे, पोरांच्यात नंतर बघू. मिल्टन बेनेट म्हणून एक अमेरिकन अभ्यासक आहे, त्यानं १९८६ साली एक मांडणी केली, माणूस परक्या संस्कृतीकडं बघताना कुठनं कुठं सरकतो त्याची. सहा टप्पे आहेत. पहिल्यात दुसरं काही असतं हेच दिसत नाही. दुसऱ्यात दिसतं, पण आपलं ते चांगलं आणि त्यांचं ते खालचं. तिसऱ्यात ‘अहो शेवटी सगळी माणसं सारखीच की’. चौथ्यात फरक खरा आहे आणि त्याला त्यांच्या बाजूनं कारण आहे हे मान्य होतं. पाचव्यात त्याप्रमाणं आपलं वागणं बदलता येतं, आणि सहाव्यात माणूस दोन्हीकडं घरच्यासारखा वावरतो. आता बघा तुमचं ‘विविधतेत एकता’ कुठं बसतं. तिसऱ्यात! ऐकायला गोड, पण त्या वाक्यात फरक झाकला जातो आणि बॅनर लावायची वेळ आली की तोच उघडा पडतो. तुमची की तिसऱ्या टप्प्याला पैकीच्या पैकी देते, मग पोरगा चौथ्यात कशाला जाईल?

दुसरं, तो ‘आदर करेल’ काढून टाका. आउटकम असा लिहा की कागदावर दिसला पाहिजे. अमेरिकेतल्या कॉलेजांची एक संघटना आहे, एएसी अँड यू, त्यांनी २००९ ला ‘व्हॅल्यू’ नावाचे रुब्रिक, म्हणजे मार्क कशाला किती द्यायचे त्याचे तक्ते, काढले, त्यात एक आंतरसांस्कृतिक जाणिवेवर आहे आणि पुढं ग्लोबल लर्निंगचा वेगळा केला. फुकट मिळतात. एकेका मुद्द्याला चार पायऱ्या, आणि मुद्दे पण कामाचे आहेत: स्वतःच्या संस्कृतीचं भान, दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं, कुतूहल, असे. तसाच्या तसा उचलू नका, त्यातली भाषा तिकडच्या कॉलेजची आहे, आपल्या पोरांना ‘वर्ल्डव्ह्यू’ म्हटलं की ते परत गाइड उघडतात.

मी शेवटच्या काही वर्षांत एकच प्रश्न द्यायचो. ‘तुमच्या घरी चालतं पण शेजारच्या घरी चालत नाही असं काहीतरी सांगा, आणि शेजाऱ्याच्या खिडकीतनं ते कसं दिसत असेल ते लिहा.’ एकानं लिहिलं, ‘आमचे शेजारी जैन आहेत, ते कांदा-लसूण खात नाहीत, आम्ही त्यांच्या धर्माचा आदर करतो.’ झालं. चारपैकी एक.

आणि एक पोरगी होती, आई विड्या वळायची. तिनं काय लिहिलं ते मला अजून जवळजवळ पाठ आहे. शेजारच्या काकू दिवस मावळायच्या आत जेवतात, आमच्याकडं आई विड्या देऊन, हजेरी लावून परत आली की नऊला चूल पेटते. लहानपणी वाटायचं काकूंना काम नसतं म्हणून लवकर जेवतात. एकदा काकूंनी विचारलं, रात्री चूल कशाला गं पेटवता, जीव पडतात की त्यात. तेव्हा कळलं की मला जे नुसतं उशिराचं जेवण वाटतं ते त्यांना जीव मारणं वाटतं. मला अजून पटत नाही, आई आल्याशिवाय आम्ही जेवणार कसं? पण नऊ वाजले की त्या खिडकी का लावतात ते आता मला कळतं, आधी वाटायचं आमच्या वासानं लावतात.

बघा, तिला पटलेलं नाही तरी चारपैकी चार. कुठं आदर-बिदर शब्दच नाही त्यात.

---

थर्ड_इयर_बीकॉम

सर मी तुमच्या कॉलेजचा नाही, पण सर्व्हेचं सांगू का, आम्ही सगळ्याला पाचच टिक करतो. एक तर फॉर्म शेवटच्या पिरियडला देतात, बस चुकायची असते. दुसरं म्हणजे वर नाव आणि रोल नंबर टाकायला लावतात आणि विचारतात तुम्हाला आदर आहे का. कोण लिहील नाही म्हणून 😅 गेल्या वर्षी आमच्यातल्या एकानं खरंच दोनला टिक केलं तर त्याला बोलावून समजावलं सरांनी.

---

आकडेमोड_उद्यमबाग

वरच्या पोरानं बरोबर नस पकडली. मी कॉलेजात नाही, फौंड्रीत क्वालिटीला आहे, पण मोजमाप हाच धंदा असल्यानं बोलतो.

एक, माणसानं स्वतःबद्दल भरलेला फॉर्म म्हणजे कास्टिंगलाच विचारणं की बाबा तू पास का रिजेक्ट. दोन, कोर्सच्या आधी आणि नंतर फॉर्म घेऊन फरक काढणार असाल तर सांभाळून, कारण विषय नीट शिकवला तर नंतरचे आकडे कमी पण येऊ शकतात. सुरुवातीला पोराला वाटतं मला सगळं कळतं, पाच. चार महिन्यांनी त्याला कळतं की आपल्याला फार थोडं माहिती होतं, मग तो प्रामाणिकपणे तीन लिहितो, आणि तुमच्या एक्सेलमध्ये कोर्स फेल दिसतो. मोजपट्टीच मध्येच बदललेली असते. यावर एक उपाय करतात तो म्हणजे कोर्स संपल्यावरच दोन्ही विचारायचं, आज किती आणि ‘आता मागं वळून बघताना’ तेव्हा किती होतं. पुराव्याला तेवढंच धरून चालू नका, पण निदान एका मोजपट्टीनं तरी मोजलेलं असतं.

तीन, रुब्रिक लावणार असाल तर एकट्यानं तपासू नका. दहा पेपर दोघांनी वेगवेगळे तपासा, एकमेकांचे मार्क न बघता, आणि मग शेजारी ठेवून बघा. पहिल्यांदा जुळणारच नाहीत. जिथं एकानं तीन आणि दुसऱ्यानं एक दिलाय तिथं भांडा, रुब्रिकची ओळ दुरुस्त करा, परत दहा घ्या. आमच्याकडं दोन इन्स्पेक्टरांना तोच पीस देऊन बघतात, सेम गोष्ट आहे. आणि नावं झाका, कोण मराठी कोण कन्नड कोण मुसलमान ते तपासणाऱ्याला दिसायला नको. म्हणजे भाषेवरनं कळणारच म्हणा थोडं.

जाता जाता, एकमेकांवर अवलंबून असण्याचं उदाहरण पाहिजे तर आमच्याकडं या. २००८ ला अमेरिकेत बँक बुडाली तेव्हा मी नवीन लागलेलो, त्या बँकेचं नाव पण आमच्या मोल्डिंगवाल्या मामाला माहिती नव्हतं, पण तीन शिफ्टची एक झाली ती त्याला कळली.

---

काजूबी_खानापूर

होय की, मी तेच सांगणार होतो, ‘ग्लोबल व्हिलेज’ पुसा आणि पोरांना एक वस्तू द्या हातात.

आमच्या खानापूर-चंदगड पट्ट्यात काजूचे कारखाने किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, निम्मं चंदगड आणि निम्मं खानापूर, मधनं राज्याची हद्द जाते पण काजूबीला काय हद्द बिद्द कळत नाही. आता पोरांना विचारा काजू कुठला, सगळे म्हणणार आमचाच की. कारखान्यात जाऊन पोत्यावरचा शिक्का वाचा म्हणावं. गावची बी काही महिने पुरते, बाकीची बी आफ्रिकेतनं येते. आयव्हरी कोस्ट म्हणून देश आहे, कच्च्या काजूत जगात एक नंबर, बेनिन आहे, टांझानिया आहे. तिकडं पिकतं, जहाजानं इकडं येतं, आमच्या बाया फोडतात, सोलतात, ग्रेडिंग करतात. काजूच मुळात ब्राझीलकडचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणला, नाव पण त्यांनीच आणलेलं.

ग्रेडिंगच्या टेबलाशी माझी वहिनी बसते. तिला डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० नजरेनं कळतं, वजनकाटा लागत नाही. मी एकदा विचारलं हा ३२० कशाचा गं आकडा, म्हणाली डब्यावर असतोय तो. तर तो आकडा म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर बसतात असा आहे. आपल्याकडं पौंडात कोण मोजतंय? घ्यायच्या देशाचं माप आमच्या वहिनीच्या नजरेत बसलंय आणि तिला ते इंग्रजी आहे हे पण माहिती नाही. हे पोरानं हुडकून आणलं तर द्या मार्क.

पण सर एक सांगतो, नुसता प्रवास लिहिला की पूर्ण मार्क देऊ नका. बहुतेक पोरं बाण काढून मोकळी होतात, आफ्रिका बाण गोवा बाण खानापूर बाण दुबई. पुढचा प्रश्न विचारा, ‘या साखळीत एक कडी तुटली तर कुणाला आधी कळतं आणि कुणाला कधीच कळत नाही?’ बी यायला उशीर झाला की मालक बँकेला फोन लावतोय, आणि सोलणाऱ्या बाईला सकाळी गेटवर गेल्यावर कळतं की आज काम नाही. दुबईत काजूकतली खाणाऱ्याला कधीच कळत नाही. तिकडं आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला इथं काय भाव आला ते कळतं का, विचारा. अवलंबून सगळेच असतात ओ, पण सारखे नसतात, हे ज्यानं लिहिलं त्याला कळलं असं मी म्हणेन. मी बारावी नापास आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

---

सीमेवरचा_मास्तर

काजूबी भाऊ, बारावीचं सोडा, तुमचा हा शेवटचा प्रश्न मी सरळ पेपरात टाकणार आहे. माझ्या डोक्यात मिरची होती, संकेश्वरी. पोर्तुगीज यायच्या आधी आपल्याकडं मिरची नव्हतीच, तिखटाला मिरी होती, हे वर्गात सांगितलं तर एक पोरगा चिडलाच, म्हणाला सर मग तांबडा रस्सा? 😄 बटाटा पण त्यांचाच शब्द. पण तुमचं काजूचं जास्त चांगलं, कारण त्यात आज कुणाचा तरी पगार अडकलाय.

---

टिळकवाडी_कट्टा

सगळं वाचलं. माझा विरोध नोंदवून ठेवा. मनाचा मोठेपणा ही काय मार्क द्यायची गोष्ट आहे का? पोरगा आपल्या भाषेवर कट्टर असेल तर तो त्याचा हक्क आहे, मास्तर कोण त्याला तिसऱ्या टप्प्यात आहेस का चौथ्यात ते सांगणारा. ज्यांची हयात सीमाप्रश्नात गेली, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळत ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या नातवाला तुम्ही ‘दुसऱ्याच्या खिडकीतनं बघ’ म्हणणार, आणि नाही बघितलं तर मार्क कापणार? आणि हे बेनेट-फिनेट अमेरिकेत ठीक आहे, तिकडं कुणाच्या गावाचं नाव २०१४ ला बदललं नव्हतं, आमच्या बेळगावचं ‘बेळगावी’ केलं तसं. पोरांना पाठांतर करू द्या, पास होऊ द्या.

---

कन्नडती_पण_बेळगावचीच

टिळकवाडी काका, रागावू नका, पण तुमच्या निम्म्या म्हणण्याशी मी सहमत आहे. मी कन्नड घरातली, शाळा कन्नड, गल्ली मराठी, आता पीयूला (अकरावी-बारावीला) हिस्ट्री शिकवते. मतावर मार्क नसावेतच. पोरगा कोर्सच्या शेवटी पण कट्टरच राहिला तरी त्याला चारपैकी चार मिळता आले पाहिजेत. निपाणीच्या सरांनी त्या मुलीला दिले तसे, तिला पटलं नव्हतंच की.

मी काय करते ते सांगते. जोड्या लावते, एक मराठी एक कन्नड. सीमाप्रश्न द्यायचा, पण प्रत्येकानं स्वतःची बाजू लिहायचीच नाही, समोरच्याची लिहायची, अर्धं पान. मग कागद समोरच्याला द्यायचा. त्यानं वाचून ‘होय, हेच आमचं म्हणणं आहे’ असं लिहून सही केली तरच तो कागद माझ्याकडं येतो. नाही तर परत लिहायचा. किती वेळा परत आला आणि काय काय बदललं ते मी तपासते. पहिला कच्चा कागद पण जोडायचाच, फाडायचा नाही.

एका मराठी मुलाचा पहिला कागद होता दोन ओळी: ‘त्यांना आमच्याबद्दल द्वेष आहे. त्यांना आमची जमीन पाहिजे.’ जोडीदारानं सही केली नाही, अर्थातच. दोघं मागच्या बाकावर पाऊण तास बसले. तिसऱ्या कागदात होतं की १९५६ च्या आधी कन्नड माणूस मुंबई इलाख्यात, निजामाकडं, मद्रासकडं, म्हैसूरला, कोडगूत असा फुटलेला होता, म्हैसूर सोडलं तर बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच भाषेच्या सरकारात बारका वाटा, पहिल्यांदा एक घर झालं, म्हणून त्यातली एक खोली परत मागितली की त्याला वाटतं परत तेच सुरू होणार. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल (बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा) ते का धरून बसतात ते पण त्यानं लिहिलं. खाली स्वतःहून एक ओळ टाकली, ‘मला हे मान्य नाही.’ मी ती ओळ तशीच ठेवली.

आणि त्याची जोडीदार कन्नड मुलगी. तिचं पहिलं, ‘मराठी लोकांना कर्नाटकात राहून कन्नड शिकायचं नाही.’ त्या मुलानं वाचून कागद सरळ उलटा ठेवला. तिच्या शेवटच्या कागदात त्याच्या आजीचा जमिनीचा उतारा होता, आजीला वाचायला येतं, मराठी पेपर रोज वाचते, पण ऑफिसातनं आलेला स्वतःच्या शेताचा कागद कन्नडात असल्यानं नातवाकडनं वाचून घ्यावा लागतो. आणि सीमाप्रश्नाच्या दाव्याला २००४ पासून सुप्रीम कोर्टात तारखाच पडतायत त्याचं पण. तिनं मला विचारलं, मॅडम हे पुस्तकात का नाही?

मी त्यांना कवी द. रा. बेंद्र्यांचं सांगते नेहमी. घरची भाषा मराठी आणि १९७३ चं ज्ञानपीठ कन्नड कवितेला. उलट बाजूनं गायक कुमार गंधर्व बघा, सुळेभावीचे, घर कन्नड, आणि नाट्यपद म्हटलं की मराठी माणूस डोळे मिटतो. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आपल्याच जिल्ह्यातले. पण हे पण नुसतं सांगून उपयोग नाही, पोरं लगेच पाठ करतात आणि पुढच्या पेपरात सगळीकडं बेंद्रे. असं तीनदा झालंय.

एक गोष्ट मात्र चुकून पण करू नका सर. माझ्याकडनं झालीय म्हणून सांगते. वर्गात एक सिद्दी मुलगा होता, खानापूरच्या जंगलपट्ट्यातला. आफ्रिकेतनं पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज, गोव्यातनं पळून घाटावर जंगलात वसले, जागतिक संबंधांचा इतका मोठा इतिहास समोर बाकावर बसलेला, मला राहवलं नाही. म्हटलं, तू उठून सगळ्यांना तुमच्या संस्कृतीबद्दल सांग. तो उठला, म्हणाला ‘मॅडम आम्ही पण भातच खातो’ आणि खाली बसला. पुढचे दोन आठवडे आला नाही. बाकीच्या चाळीस जणांना मी कधी उठवून तुमची संस्कृती सांगा म्हटलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम, प्रश्न सगळ्यांना एकच, आणि आधी स्वतःच्या घराबद्दल.

---

टिळकवाडी_कट्टा

‘मला हे मान्य नाही’ ही ओळ ठेवली हे बरं केलंत मॅडम. सही करून घ्यायची आयडिया वाईट नाही. पण भांडण झालं तर जबाबदार कोण?

---

वखारभाग_निपाणी

भांडण व्हायचं ते पार्किंगमध्ये झालंच की कट्टेकर 😄 वर्गात मास्तर तरी असतोय.

एक आठवलं म्हणून सांगतो. निपाणीत १९८१ ला तंबाखूवाल्यांचं आंदोलन झालं, शरद जोशी आलेले, हायवेवर माणसंच माणसं, पुढं गोळीबार झाला. त्या रस्त्यावर मराठी-कन्नड असं कुणी विचारत नव्हतं, भाव सगळ्यांचा पडलेला. मी हे वर्गात ‘बघा कशी एकी होती’ म्हणून सांगायचो. एक पोरगा म्हणाला, सर, मग त्याच गावात इलेक्शनला परत भाषा कशी येते? माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याला मी इंटरनलला पैकीच्या पैकी दिले, उत्तर नसलेल्या प्रश्नाचे. आज तपासणीला कुणी आलं तर रुब्रिकमध्ये ते ‘कुतूहल’ या ओळीत बसवता येईल, तेव्हा ती ओळ माहिती नव्हती.

---

थर्ड_इयर_बीकॉम

मॅडमचा तो कागदाचा प्रकार भारी आहे पण एक शंका. मित्र मित्र जोडीत आले तर न वाचताच सही मारणार. आम्ही प्रॅक्टिकल जर्नलला तेच करतो.

---

कन्नडती_पण_बेळगावचीच

माहिती आहे मला, राजा 🙂 म्हणून सहीखाली त्यानं एक वाक्य लिहायचं, ‘यात एक गोष्ट अजून राहिली ती अशी...’. ते कोरं असेल तर दोघांचे मार्क अडकतात. आणि जोड्या मी लावते, तुम्ही नाही.

---

सीमेवरचा_मास्तर

मंडळी, दीड महिन्यानं परत आलोय, म्हटलं काय झालं ते सांगावं.

सगळ्या वर्गावर एकदम नाही केलं, बारा पोरं घेतली, सहा जोड्या. अर्धे मार्क वस्तूला आणि अर्धे मॅडमच्या कागदाला. दुसरे तपासनीस म्हणून आमच्या कन्नड डिपार्टमेंटच्या सरांना धरलं, त्यांना चहाच्या वर काही द्यावं लागलं नाही. पहिल्या खेपेला बारापैकी पाच पेपरांवर आमचं अजिबात जुळलं नाही. त्यांनी एकाला चार दिलेले आणि मी दोन, बघितलं तर त्या पोराचं कन्नड सुंदर होतं, म्हणून. आणि मी एका मराठी पोरीला तेच केलेलं! मग रुब्रिकवर मोठ्या अक्षरात लिहिलं, शुद्धलेखन आणि भाषेचे मार्क नाहीत. आउटकमची ओळ पण बदलली, ‘ज्याच्याशी मत जुळत नाही त्याची बाजू, तो मान्य करेल अशी मांडता येते’. आयक्यूएसीच्या मॅडम म्हणाल्या वाक्य लांब आहे. असू दे म्हटलं.

वस्तूंमध्ये काजू तिघांनी आणला (काजूबी भाऊ, तुमची कीर्ती पसरलीय). एकानं वडगावच्या मागाची साडी घेतली, बाप पॉवरलूमवर आहे, सूत कुठनं येतं इथपर्यंत आला आणि अडकला, कारण बापाला पण व्यापाऱ्याच्या पलीकडचं माहिती नाही. त्यानं तेच लिहिलं, ‘इथून पुढे आम्हाला कुणी सांगत नाही’. दोघांनीही न बोलता चार दिले. एक पोरगी आजोबांचं मेडल घेऊन आली, मराठा लाइट इन्फंट्रीचे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. तिनं लिहिलं की त्यांना तिथल्या गावाचं नाव नीट सांगता यायचं नाही, पण तिथल्या एका म्हातारीनं दिलेल्या पावाची गोष्ट रोज सांगायचे. छान होतं, पण साखळी कुठंच नव्हती, दोन दिले. वाईट वाटलं, पण रुब्रिक म्हणजे रुब्रिक.

आणि ते दोन राडेवाले. मुद्दाम एका जोडीत टाकले, कन्नडच्या सरांनी वेड्यात काढलं मला. एकाचा कागद चारदा परत आला. भांडण एका शब्दावर अडलेलं, ह्यानं लिहिलेलं ‘त्यांचा हट्ट’, तो म्हणतोय हट्ट काढ, हा म्हणतोय मग काय लिहू, शेवटी ‘त्यांची अट’ वर सही झाली. दुसऱ्यानं कागद दिलाच नाही, म्हणाला सर मार्क कापा, मी त्यांची बाजू माझ्या हातानं लिहिणार नाही. कापले. कट्टेकरांना सांगतो, मताचे नाही कापले, कागद न दिल्याचे कापले. पण रात्री झोप नीट लागली नाही हे खरं.

आता नवीनच लफडं. आयक्यूएसीच्या मॅडमनी फाइल परत पाठवलीय, नमुना उत्तरं दोन भाषांत आहेत, सगळ्याचं एका भाषेत भाषांतर जोडा म्हणून. कन्नडातनं मराठी करून द्यायला वर्गात हात वर केला तो त्यानंच, ज्यानं कागद दिला नाही. शनिवारी दुपारी येतो म्हणालाय. कन्नडच्या सरांना पण बसवून ठेवतोय, भाषांतर बरोबर आहे का ते बघायला कुणीतरी पाहिजे.